डावा कान, जोडवी आणि जावईबापू

कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाला १९७३ साली नोबेल मिळालं. त्याच्या बऱ्याच आधी एका कावळ्याने त्याच्या कानात अळ्या भरल्या होत्या. कावळा म्हणजे तिकडचा जॅकडॉ, आपल्या कावळ्याचा करड्या मानेचा चुलतभाऊ. लॉरेन्झच्या घरी माणसाळलेल्या या गृहस्थाने वयात आल्यावर लॉरेन्झलाच जोडीदार मानलं. जॅकडॉचा नर जोडीदाराला प्रेमाने भरवतो. त्यामुळे अळ्या चावून, लाळेत कालवून, तो लगदा शास्त्रज्ञाच्या तोंडात कोंबण्याचा कार्यक्रम सुरू झाला. शास्त्रज्ञाने ओठ घट्ट मिटले. कावळ्याने विचार केला असणार, एक दार बंद आहे तर दुसरं कुठेतरी उघडं असेलच. त्याला कान सापडला. लॉरेन्झने पुढे हे सगळं आपल्या पुस्तकात मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलं.

पक्ष्याशी जवळीक साधावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी पिंजऱ्याची किंमत विचारण्याआधी ही हकिगत वाचावी. आपली समजूत अशी, की जीव जडला म्हणजे तो आख्ख्या आपल्यावर जडला. नाव, आडनाव, स्वभाव आणि प्रॉव्हिडंट फंडासकट. पक्ष्याचा व्यवहार निराळा. तो माणूस घाऊकात घेत नाही, किरकोळीत घेतो. एखादा कान त्याला पसंत पडतो. चष्म्याची काडी पसंत पडते. बाकीचा गृहस्थ त्या कानाला मागून चिकटलेला आहे, इलाज नाही, म्हणून चालवून घेतला जातो.

हे मी अनुभवाने सांगतो. माझा डावा कान पसंत पडलेला आहे. उजव्याचा विचार अजून चालू आहे.

आमच्या घरी कॉकटील आहे. नाशिकच्या पक्ष्यांच्या दुकानांत याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात, आणि नाशिक हे द्राक्षांचं आणि पुढे त्या द्राक्षांचं जे होतं त्याचं गाव असल्यामुळे यातून गोंधळ होतात. “घरी कॉकटेल आणलंय, संध्याकाळी या बघायला,” असं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना लिफ्टमध्ये सहज म्हटलं, तर ते येताना खारे शेंगदाणे घेऊन आले. शेंगदाणे वाया गेले नाहीत. पण मिठाचं पक्ष्याला चालत नाही, म्हणून ते आम्ही दोघांनीच चहाबरोबर संपवले आणि सेक्रेटरी काहीसे नाराज होऊन घरी गेले.

पक्षी लेकीने आणला, ‘मँगो’ हे नावही तिनेच ठेवलं, आणि मग तिला बेंगळुरूला नोकरी लागली. तिथल्या पेइंग गेस्टच्या मालकिणीला कांदासुद्धा चालत नाही, तिथे पक्षी कुठून चालणार? मँगो आमच्याकडे राहिला. आईने त्याला पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी नाव बदललं. डोक्यावर फेट्याच्या तुऱ्यासारखा तुरा, गालांवर केशरी टिळे, हातात आणून दिल्याशिवाय खायचं नाही, मनाविरुद्ध काही झालं की कोपऱ्यात तोंड फिरवून बसायचं. “हे जावईबापू आहेत,” आई म्हणाली. तेव्हापासून त्यांचा उल्लेख आदरार्थीच होतो. जावईबापू उठले का? जावईबापूंनी आंघोळ केली का? माझ्याबद्दल या घरात इतक्या आस्थेने कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आईला खरं म्हणजे पोपट हवा होता. पंचवटीतल्या तिच्या माहेरच्या वाड्यात ओसरीवर एक राघू होता. तो आल्या-गेल्याला “या, बसा” म्हणायचा आणि आजोबांच्या हुबेहूब आवाजात गड्याला शिव्या द्यायचा. गडी दोघांनाही “होय मालक” म्हणायचा. तसा राघू आण, असा आईचा हट्ट. मी तिला सांगितलं, आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. मैना, मुनियासुद्धा त्यातच आल्या. आई म्हणाली, “बाहत्तर साली दुष्काळ पडला होता, एवढंच मला माहीत आहे.”

कायदा आईला माहीत नाही, तसा बाजारालाही फारसा माहीत नसावा. दाणे आणायला गेलो असता एका दुकानदाराने आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, पहाडी पाहिजे का? आतल्या बाजूला आहे.” पहाडी म्हणजे खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पोपट. तोही बंदीच्याच यादीत. मी बँकेत आहे. ज्याची केवायसी झालेली नाही त्याचं खातं मी उघडत नाही, त्याला घरात कसा घेऊ? आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांच्यासारखे परदेशी पाहुणे ठेवायचे तर सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकटीलला ती कटकट नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथे थव्यांनी हिंडतो. पण ऑस्ट्रेलियाने आपले रानपक्षी बाहेर विकायला केव्हाच बंदी घातली. आज जगभरच्या घरांत जे कॉकटील आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच जन्मलेले. आमच्या जावईबापूंच्या खापरपणजोबांनीही ऑस्ट्रेलिया पाहिला नसेल. रुबाब मात्र कालच विमानातून उतरल्यासारखा.

दुकानदाराने विकताना लेकीला सांगितलं होतं, “हँड टेम आहे ताई, फुल टेम.” म्हणजे पिल्लूपणापासून हाताने भरवून वाढवलेला. हे खरंच होतं, पण तो हात लेकीचा किंवा दुकानदाराचा. माझ्या हाताचा त्या करारात उल्लेख नव्हता. लेक गेल्यावर मी पहिल्यांदा पिंजऱ्याच्या दारातून हात आत घातला, तेव्हा ९० ग्रॅमच्या त्या देहातून नागाने काढावा तसा फुत्कार निघाला.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पक्ष्याच्या लेखी हात हा तुमचा अवयव नाहीच. तो स्वतंत्र प्राणी आहे. पाच तोंडांचा, केस कमी असलेला, अचानक वरून झडप घालणारा. तुमच्या चेहऱ्याशी पक्ष्याची उत्तम मैत्री होऊ शकते, तो तुमच्या नाकाला नाक लावू शकतो, आणि त्याच वेळी तुमच्या हाताशी त्याचं हाडवैर असू शकतं. तुमचा चेहरा इतका सज्जन असून असल्या प्राण्याला बरोबर घेऊन का फिरतो, हे कोडं त्याला पडत असणार.

लेकीने फोनवरून सूचना दिल्या. “बाबा, त्याच्याकडे रोखून बघू नकोस. तिरकं बस.” यात शास्त्र आहे. शिकार करणाऱ्यांचे डोळे पुढे असतात: मांजराचे, घुबडाचे, शाखाधिकाऱ्याचे. दोन्ही डोळे आपल्यावर रोखले गेले की आपलं काही खरं नाही, हे पक्ष्याला अंड्यातून बाहेर पडल्यापासून ठाऊक असतं. त्याचे स्वतःचे डोळे बाजूंना, त्यामुळे नीट बघायचं झालं की तो मान वळवून एका डोळ्याने बघतो. आपणही तसंच बघावं, सावकाश पापणी मिटावी, म्हणजे आपला हेतू स्वच्छ आहे असं त्याला वाटतं. मी रोज संध्याकाळी सोफ्यावर तिरका बसून एक डोळा पेपरात आणि एक पिंजऱ्यात ठेवू लागलो. मधूनच पापणी मिटे. हिने स्वयंपाकघरातून ते पाहिलं आणि हातातला झारा टाकून धावत आली. “अहो, दोन्ही हात वर करून दाखवा बघू. बोलता येतंय का?”

मग आलं राळ्याचं कणीस. दुकानात त्याला कांग म्हणतात. हे कणीस म्हणजे कॉकटीलचा वीक पॉइंट. ते आधी पिंजऱ्याच्या गजांतून द्यायचं, मग दारातून, मग तळहातावर ठेवून. म्हणजे कणसापर्यंत पोचायचं तर हातावर पाय द्यावाच लागतो. आई बघत होती. “आम्ही राळ्याचा भात खाल्ला तो गरिबीत. आता ते पुडीत येतं आणि जावईबापूंना कणसासकट लागतं.” २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. आमच्या घरात ते एकट्या मँगोने मनापासून साजरं केलं. आम्ही बाकीचे पोळीच खात होतो.

चावा हा या अभ्यासक्रमाचा सक्तीचा विषय आहे. कॉकटीलची चोच लहान, पण पकड सांडशीची. आणि नियम असा, की चावल्यावर ओरडायचं नाही. ओरडलात तर त्याला तो तमाशा वाटतो आणि तो दुसरा खेळ लावतो. हात झटकायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कणीस पुढे करायचं. बत्तीस वर्षं कर्जदारांसमोर चेहरा कोरा ठेवण्याची सवय मला इथे उपयोगी पडली. “अगं आई गं” हे मी आकाशवाणीच्या बातम्यांच्या सुरात म्हणायला शिकलो. आई आतून “काय रे?” म्हणायची.

हळूहळू हाताला प्रवेश मिळाला. मित्र म्हणून नाही, जिना म्हणून. बोटावर चढायचं, दंडावरून खांद्यावर जायचं आणि डाव्या कानापाशी मुक्काम ठोकायचा. तिथे मात्र प्रेमाला भरती येते. कानाची पाळी अगदी हलक्या चोचीने, कागद वाचल्यासारखी, कडेकडेने चाचपून पाहिली जाते. कानावरचा एकुलता एक पांढरा केस बाहेर ओढून पुन्हा जागेवर ठेवला जातो. लॉरेन्झची आठवण येऊन मी सावध बसतो. आमचे बापू दाणे खातात, अळ्या नाहीत, एवढाच दिलासा. याच मुक्कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी खांद्यावर निसर्गाचं कार्य होतं, म्हणून मी घरात खांद्यावर पंचा टाकून वावरतो. अवेळी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, मी पंगतीचं काम घ्यायला सुरुवात केली. एकदा पंचा विसरला आणि मी तसाच बँकेत गेलो. एका पेन्शनर आजींनी काउंटरवरून खुणेने माझा खांदा दाखवला आणि म्हणाल्या, “शुभ असतं हो.”

आता आवाजाचं. थव्यातले पक्षी नजरेआड झाले की एकमेकांना हाक मारतात: मी इथे आहे, तू कुठे आहेस? पलीकडून ओ आली की दोघांचा जीव भांड्यात पडतो. ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर ही पद्धत उत्तम. नाशिकच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये थव्यातला एक सदस्य सकाळी सात वाजता बाथरूममध्ये जातो, दार लावतो, आणि दिवाणखान्यातून कर्कश शीळ येते. उत्तर दिलं नाही तर दुसरी येते, मग तिसरी, मग पिंजरा डोक्यावर. म्हणून मी आतून शीळ घालून उत्तर देतो. दोन सूर, दुसरा चढा. आमचं बाथरूम डक्टला लागून आहे. डक्ट सात मजली आहे. आणि महाराष्ट्रात सत्तावन्न वर्षांच्या पुरुषाने रोज सकाळी ठरलेल्या वेळी डक्टमध्ये शीळ घालणं याचा अर्थ एकच होतो. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी आधी वेळ बदलून पाहिली. मग त्यांच्या मिस्टरांनी मला खाली पार्किंगमध्ये गाठून, आपल्याला शुगर आहे, डॉक्टरांनी चिडायला मनाई केली आहे, एवढंच सांगितलं. मी त्यांना वर नेऊन पक्षी दाखवला. त्यांनी पक्ष्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पण शीळ तर तुम्ही घालता ना?” याला उत्तर नाही.

आईचा शिळेला विरोध वेगळ्या कारणासाठी. घरात संध्याकाळी शीळ घातली की साप येतो. चौथ्या मजल्यावर साप लिफ्टने येणार का, असं मी विचारलं. “तुमची कॉकटेलं येतात, मग सापाला काय धाड भरली?”

काही पक्षी बोलतात. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने १९७७ साली शिकागोजवळच्या एका दुकानातून आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट आणला. त्याचं नाव अ‍ॅलेक्स. तो शंभराच्या आसपास शब्द शिकला, रंग आणि आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. आणि प्रयोगांचा कंटाळा आला की आता मला परत जायचंय, असं तोंडावर सांगायचा. २००७ साली तो गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. आमच्या जावईबापूंचा शब्दसंग्रह शून्य आहे. कॉकटीलचा नर बोलण्यापेक्षा शीळ वाजवण्यात रमतो. लेकीने जाण्यापूर्वी त्याला एक सुंदर धून शिकवली होती. त्या धुनेच्या मधोमध त्याने गाडी मागे घेताना वाजणारी धून घुसवली, आणि शेवट कुकरच्या शिट्टीने केला. पहिल्या भागाला आम्ही खूश होतो, दुसऱ्याला खालचा वॉचमन गेटाकडे धावतो, तिसऱ्याला ही गॅस बंद करते. आमच्याकडे कधी वरण कच्चं निघालं तर जेवताना कुणी हिला बोलत नाही. सगळे पिंजऱ्याकडे बघतात.

या पक्ष्याने घरात कुणाकुणाचं काय काय पसंत केलं, त्याची यादी जाहीर करण्यासारखी आहे. माझा डावा कान. आईच्या चष्म्याची दोरी. आणि हिची जोडवी. म्हणजे ही नाही, हिचे पायसुद्धा नाहीत, फक्त जोडवी. ही ओट्याशी उभी असली की बापू टाइल्सवरून ठुमकत तिच्या पायाशी येतात, पंख अंगापासून थोडे सोडून पाठीवर बदामाचा आकार करतात, तुरा सैल सोडतात आणि जोडव्याला उद्देशून गातात. पूर्ण गाणं, कुकरसकट. अमेरिकेत स्नोबॉल नावाचा काकाकुवा आहे. तो गाण्याच्या तालावर नाचतो, आणि त्याच्या नाचात चौदा वेगळ्या हालचाली आहेत असं संशोधकांनी २०१९ साली मोजून प्रसिद्ध केलं. कॉकटील हा काकाकुव्यांच्या घराण्यातला सगळ्यात धाकटा. याच्याकडे एकच हालचाल आहे, पण ती तो जीव ओतून करतो. मी हे पहिल्यांदा पाहून हसलो, तेव्हा ही पाठमोरीच म्हणाली, “लग्नाला एकतीस वर्षं झाली. तुम्ही कधी जोडव्याकडे बघितलंत?”

त्यातून हिला जरा मिरवायला मिळतंय तोवर बापूंचं दुसरं प्रकरण उघडकीस आलं. ओट्यावर पोह्यांचा स्टीलचा उभा डबा असतो. जुना, जाड, घासून आरसा झालेला. त्या डब्यात एक देखणा पक्षी राहतो, तो बापूंकडे बघतो, बापू मान हलवतात तेव्हा मान हलवतो आणि कधीही उलट बोलत नाही. अशा जोडीदाराशी स्पर्धा करणं कुणालाच शक्य नाही. जाणकार सांगतात, आरसा पक्ष्याच्या नादी लागू देऊ नये. तो प्रतिबिंबात गुंतला की माणसांना विचारेनासा होतो, चिडका होतो. डबा फडताळात हलवला. दोन वेळा डब्यासाठी जेवण टाकलं गेलं. आई म्हणाली, “असू दे. आमच्या वेळी पण रुसायचे. तिसऱ्या पंगतीला येतात.”

ते आले. पण तोवर घराची व्यवस्था त्यांच्या सोयीने लागली होती. सगळ्यात आधी नॉनस्टिक तवा गेला. त्या तव्यावरचा मुलामा फार तापला की त्यातून जो वायू सुटतो, तो माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याची फुफ्फुसं आणि हवेच्या पिशव्या मिळून श्वासातला कण न्‌ कण शोषून घेतात. उडायला ते लागतं, आणि विषाच्या बाबतीत तेच नडतं. माळ्यावरून बिडाचा तवा खाली आला. हा तवा नॉनस्टिक घेतल्या दिवसापासून आईने मनात धरून ठेवला होता. तिने तो जातीने चिंच लावून घासला, तेल पाजलं आणि पहिलं घावन निघाल्यावर कुणाकडेही न बघता म्हणाली, “मी काही बोलत नाही.” पण न्यायदेवता आंधळी असते. त्याच आठवड्यात धुरामुळे तिचा धूप आणि उदबत्तीही बंद झाली. देवाने जावयापुढे माघार घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आता पूजेला मोगरा असतो, आणि मोगरा नसेल तेव्हा देव समजून घेतात.

झोपेचंही तसंच. कॉकटीलला दहा-बारा तास शांत झोप लागते. आठच्या सुमाराला पिंजऱ्यावर चादर पडते, झिरोचा दिवा लागतो (पूर्ण अंधारात हे लोक दचकून धडपडतात आणि पंख मोडून घेतात), आणि टीव्हीचा आवाज बंद होतो. आई मालिका मूकपणे बघते. ती म्हणते, आवाज नसला की कोण खोटं बोलतंय ते लवकर कळतं. चादरीखालून थोड्या वेळाने करकर असा बारीक आवाज येतो. चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा तो आवाज. पोट भरलंय, तक्रार नाही, झोप येतेय, असा त्याचा अर्थ. तो ऐकू आला की आम्ही तिघंही उगाचच समाधानाने एकमेकांकडे बघतो. दिवसभरात त्या जीवाने तिघांनाही एकेकदा चावलेलं असतं.

हाताचं वैर संपलं ते पिसं झडण्याच्या दिवसांत. जुनी पिसं गळतात, नवी येतात, आणि नवं पीस येतं ते बारीक नळीत गुंडाळून, काट्यासारखं. अंगावरचे काटे बापू चोचीने सोलतात. पण डोक्यावर चोच कशी पोचणार? रानात हे काम जोडीदार करतो. डबा या कामाला निरुपयोगी ठरला. मग एका दुपारी बापू गजाशी आले, मान खाली घातली, तुरा पाडला आणि उभे राहिले. मी बोट नेलं. चावलं नाही. दोन बोटांच्या चिमटीत काटा धरून अलगद फिरवला की पांढरी नळी भुगा होऊन सुटते आणि आतलं पीस छत्रीसारखं उघडतं. उलट्या दिशेला दाबलं, किंवा अजून रक्त भरलेल्या कोवळ्या काट्याला धक्का लागला, तर चीं करून निषेध होतो. तेवढं सोडून पुढे जायचं. गालाच्या केशरी टिळ्याखाली मऊ पिसांत एक बारीक भोक बोटाला लागतं. तो त्याचा कान. तिथे हलकेच खाजवलं तर तोंड अर्धवट उघडतं, जांभई येते, आणि खालची पापणी वर चढून डोळा मिटतो. पक्ष्याची पापणी बहुधा अशी खालून वर जाते. इतक्या जवळून पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

आमच्या सोसायटीतले एक जण दर रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला जातात. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं ते हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स माझ्या स्कूटरपेक्षा महाग आहे. येताना लिफ्टमध्ये ते फोटो दाखवतात आणि विचारतात, तुम्ही काय पाहिलं? मी म्हणतो, पापणी. ते सभ्य आहेत, विषय बदलतात. माझ्या चष्म्यावर, काळ्या पँटवर आणि भुवयांवर कॉकटीलच्या पिसांची पांढरी पूड बसलेली असते, आणि पिठाच्या गिरणीतून आलेल्या माणसाशी पक्षिशास्त्रावर काय बोलणार?

दिवाळीला लेक आली. तिला वाटत होतं, बापू झेप घेऊन तिच्या खांद्यावर बसणार. तिने केसांना तांबडा रंग दिला होता आणि नखांना निळा. बापूंनी तुरा डोक्याला चिकटवून फुत्कार टाकला आणि माझ्या डाव्या कानामागे दडले. तिच्यासमोर मी शक्य तितका दुःखी चेहरा केला. पण दोन दिवसांनी तिने पाठमोरी असताना ती जुनी धून वाजवली, आणि बापूंनी कुकरपर्यंत साथ केली. तिचा आवाज तेवढा त्यांनी परत स्वीकारला. केस प्रलंबित आहेत.

त्याच सुट्टीत पुण्याचं एक स्थळ बघायला आलं. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक मामा. पिंजऱ्याचं दार बंद केलं होतं, पण ते चोचीने उघडायची विद्या बापूंनी केव्हाच हस्तगत केली आहे. कांदेपोहे आले, मामांनी माझ्या बँकेच्या व्याजदरांवर टीका सुरू केली, आणि बापू सोफ्याखालून ठुमकत मुलाच्या पायांशी आले. बूट अर्थातच दाराबाहेर होते. मुलाच्या डाव्या मोज्याला पुढे भोक होतं आणि त्यातून अंगठ्याचं नख चमकत होतं. बापू थांबले. पंख सुटले, पाठीवर बदाम झाला आणि गाणं सुरू झालं.

मामांची टीका थांबली. सगळ्यांनी खाली पाहिलं, म्हणजे सगळ्यांनी भोक पाहिलं. मुलाच्या आईचा चेहरा मोज्यापेक्षा पडला. “निघताना सांगितलं होतं याला,” असं त्या पुटपुटल्या. आमच्या बाजूला, कारण नसताना, एकदम बळ आलं. मुलगा मात्र हलला नाही. पाय आखडला नाही, हात पुढे केला नाही, पोह्यांची बशी छातीशी धरून, मान तिरकी करून एका डोळ्याने बघत राहिला. हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. चहावर साय आली. गाडी मागे घेण्याची धून आली, कुकर आला, ही सवयीने आत गॅस बघायला गेली, आणि गाणं संपल्यावर बापूंनी त्या मोज्यावर आपला शिक्का उमटवला. आई मोठ्याने म्हणाली, “अंगठा पास झाला. बाकीचा मुलगा तुम्ही बघा.”

बाकीचा मुलगा लेकीने बाल्कनीत अर्धा तास बघितला. काय ठरलं ते दोघांनीही सांगितलं नाही. जाताना तो माझे मोजे घालून गेला. त्याच्या घरून रीतसर निरोप आलेला नाही, पण त्याने लेकीला कळवलंय की मोजे परत करायला रविवारी येतो. पुण्याहून नाशिकला, मोज्यांसाठी. आईने मला बजावून ठेवलंय, पोह्यांचा डबा त्या दिवशीही फडताळातच ठेव, जावईबापूंचं लक्ष विचलित व्हायला नको. आणि ही म्हणाली, तुम्ही तो पंचा तेवढा खांद्यावरून काढा.